उपनगरातील विद्यावास्तू : जतनाचे निकष आणि त्यांच्या मर्यादा

मुंबईतील ऐतिहासिक वास्तूंची चर्चा बहुधा फोर्टमध्येच सुरू होते आणि तेथेच संपते. विद्यापीठाचे सभागृह व राजाबाई मनोरा यांचे मोल सिद्ध करावयास फारसे श्रम पडत नाहीत. गिल्बर्ट स्कॉटचे नाव, गॉथिक शैली आणि २०१८ साली युनेस्कोने दिलेली मान्यता एवढे त्यास पुरेसे ठरते. अंधेरीच्या पुढे गेल्यावर मात्र हीच मोजपट्टी अपुरी पडते.

जोगेश्वरीच्या टेकडीवरील इस्माईल युसूफ महाविद्यालय हे या दृष्टीने बोलके उदाहरण आहे. सर महंमद युसूफ यांनी मुसलमानांच्या शिक्षणासाठी १९१४ साली सरकारास आठ लक्ष रुपयांची देणगी दिली. महाविद्यालय सुरू झाले ते १९३० साली. त्यापूर्वी दोनच वर्षे, १९२८ मध्ये, बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली होती. साष्टीतील खेड्यांचे उपनगर होऊ घातले होते, त्या संधिकाळातील ही सरकारी संस्था. शहराच्या गजबजाटातून दूर, मोकळ्या उंचवट्यावर, वसतिगृहासह विद्याभ्यास चालावा ही कल्पना तिच्या स्थाननिवडीतच दिसते. तेव्हा येथे ऐतिहासिक काय, असे विचारल्यास केवळ दर्शनी भागाकडे बोट दाखवून भागत नाही. टेकडी, मोकळी जागा व इमारत यांचा परस्परसंबंध हाच येथील मुख्य दस्तऐवज होय.

नेमका हाच संबंध नियमांच्या चौकटीत बसत नाही. प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा केंद्रीय कायदा शंभर वर्षांची अट घालतो. १९३० ची वास्तू ती अट २०३० पूर्वी पुरी करू शकत नाही. मुंबईच्या १९९५ च्या नियमावलीने वयाचा आग्रह सोडून तीन श्रेणी केल्या, हे तिचे श्रेय मान्य करावयास हवे. पण कायद्याचे संरक्षण लाभले म्हणजे परिसर वाचतोच असे नाही. जवळच असलेली जोगेश्वरीची लेणी संरक्षित स्मारक असूनही वस्तीने वेढली गेली, हे कोणासही पाहता येते.

पुनर्विकासाचा पक्ष निव्वळ अर्थलोभाचा मानणे अन्यायाचे होईल. गळकी छपरे, अपुऱ्या प्रयोगशाळा आणि जिना चढू न शकणारा विद्यार्थी या खऱ्याच अडचणी आहेत. अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेने २०२० च्या डिसेंबरात लुई कान यांच्या अठरापैकी चौदा वसतिगृहे पाडण्याचे ठरविले, तेव्हा तिनेही सुरक्षिततेचेच कारण पुढे केले होते. जगभरातून विरोध झाल्यावर थोड्याच दिवसांत तो निर्णय मागे घेतला गेला. २०२२ मध्ये प्रश्न पुन्हा उभा राहिला. त्याच आवारातील ग्रंथालयाची दुरुस्ती मात्र यशस्वी झाली होती. दुरुस्ती अशक्य हा निष्कर्ष एका इमारतीवरून दुसरीस लावता येत नाही, हे त्यावरून दिसते. प्रत्येक भिंतीची स्वतंत्र परीक्षा व्हावयास हवी.

जतनवाद्यांचाही दोष येथेच आहे. पु. ल. देशपांडे या महाविद्यालयात शिकले, ही आठवण मोठ्या जिव्हाळ्याने सांगितली जाते. पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे. थोर विद्यार्थी नसलेली वास्तू मग पाडावी काय? मोजमापाची रेखाचित्रे, बांधकाम खात्याचे नकाशे, वसतिगृहाच्या नोंदवह्या, टेकडीच्या उताराची पाहणी ही सामग्री हाती असल्याविना केलेला बचाव भावनेपलीकडे जात नाही, आणि पाडकामाचा प्रस्तावही अंदाजापलीकडे जात नाही.