हाताचे शिक्षण कुणासाठी?

मुळशीत बसून आम्ही पाबळबद्दल बोलणार आहोत. जिल्हा आपलाच आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधले संशोधन सोडून शिरूर तालुक्यातल्या त्या गावी आले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, शेती, पशुपालन असली कामे करायची, तीही गावाला लागणारी.

कलबागांना यातून नुसते कारागीर घडवायचे नव्हते. हाताने काम करताना बुद्धी वाढते, हे त्यांचे म्हणणे. पाया आखताना दोरीने तीन-चार-पाच फुटांचा त्रिकोण धरला की काटकोन मिळतो. पायथागोरस तिथे जमिनीवरच भेटतो. (आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवले, पण फ्यूज बदलायला अजून शेजाऱ्याला हाक मारतो.)

आता कौशल्य पात्रता चौकटीखाली नववीतच ऑटोमोबाइल, रिटेल, सौंदर्यसेवा असे विषय आले. प्रमाणपत्र मिळते, त्याला आमची हरकत नाही. हरकत आहे ती कामाला विशिष्ट नोकरीचे नाव चिकटण्याला. नाव चिकटले की निवड सुरू होते. ‘गणितात कच्चा आहे ना? मग घाला त्याला तिकडे,’ हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत आम्ही स्वतः ऐकलेले आहे. पाबळच्या कल्पनेत सगळा वर्ग कामाला लागतो, हुशार म्हणवणारेसुद्धा.

मुळशीतले शिक्षक इथे बसलेत, त्यांना विनंती: उद्या या विषयाचा हजेरीपट उघडा, आणि वर्गात पहिली येणारी मुलगी त्यात आहे का, तेवढे आम्हाला कळवा.