फॉर्म भरला, पण दाब बरोबर पडला का?

खडकीतल्या एका सभागृहात सीपीआरच्या शिबिराला गेले होते. तासभर माहिती, मग प्रत्येकाला पुतळ्यावर मिनिटभर सराव आणि शेवटी अभिप्रायाचा फॉर्म: विषय समजला का, प्रशिक्षक कसे वाटले, आत्मविश्वास वाढला का. बहुतेकांनी पाचपैकी पाच दिले, मीही दिले. निघताना शेजारचे काका म्हणाले, "सगळं छान झालं हो, पण माझा दाब बरोबर पडत होता का, ते कुणी सांगितलंच नाही."

प्रशिक्षणावर संशोधन करणार असाल तर काकांचं वाक्य वहीत लिहून ठेवा. 'फीडबॅक' या एका शब्दात आपण दोन गोष्टी कोंबतो: शिकणाऱ्याने शिबिराला दिलेला आणि शिकणाऱ्याच्या हातांना मिळालेला. कर्कपॅट्रिक यांच्या मूल्यमापनात चार पायऱ्या आहेत: प्रतिक्रिया, शिकणं, वर्तन आणि परिणाम. आपला फॉर्म पहिल्याच पायरीवर थांबतो.

खरं तर सीपीआरचं कौशल्य नीट मोजता येतं. प्रौढाच्या छातीवर दाब किमान ५ सेंटिमीटर खोल हवा, ६ च्या पुढे नको. वेग मिनिटाला १०० ते १२०. दर दाबानंतर छाती पूर्ण वर यायला हवी. सेन्सर लावलेला पुतळा हे तिथल्या तिथे दाखवतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१९ पासून आपल्या प्रौढ सीपीआर अभ्यासक्रमांत असं उपकरण सक्तीचं केलं.

मग प्रश्न सुटला का? नाही. सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी १९८४ मध्येच दाखवून दिलं होतं की सतत मिळणारा फीडबॅक सरावाच्या वेळी कामगिरी सुधारतो, पण शिकणारा त्याच्यावरच विसंबला तर तो काढल्यावर कामगिरी घसरू शकते. खडकी स्टेशनच्या फलाटावर कोणी कोसळलं तर तिथे हिरवा दिवा लागणार नाही. आणि सीपीआर व शॉकविना जाणाऱ्या दर मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते.

म्हणून अशा विषयावरचा पेपर हातात आला की निष्कर्षाआधी पद्धतीचा भाग उघडा. चाचणी त्याच दिवशी झाली की काही महिन्यांनी? चाचणीच्या वेळी दिवा चालू होता की बंद? तुलना कशाशी केली? नुसत्या व्याख्यानाशी तुलना केली तर उपकरण जिंकणारच. बाजूला बसून मोजणाऱ्या, चूक सांगणाऱ्या प्रशिक्षकाशी केली का, ते बघा. आणि पुन्हा चाचणीला किती जण परत आले? उत्साही लोकच परत आले असतील, तर निकाल आहे त्यापेक्षा चांगला दिसतो.

हे सगळं शहाणपण मला आधीपासून होतं असं समजू नका. माझ्या पहिल्या आराखड्यात 'आत्मविश्वासात वाढ' हाच मुख्य निकष होता, कारण तो मोजायला सोपा. आता तो दुय्यम केलाय. मुख्य निकष आहे सहा महिन्यांनी, दिवा बंद ठेवून मोजलेली दाबाची खोली आणि वेग. काम वाढलंय, माणसं परत बोलावणं अवघड जाणार आहे. पण काकांना उत्तर द्यायचं तर दुसरा रस्ता मला दिसत नाही.

तुमच्या आराखड्यातला मुख्य निकष आज एकदा तपासून बघा.