रेघेतली मुले, पडद्यावरची मुले

मुलांसाठी निघालेल्या चित्रपटांचे परीक्षण करण्याची आपल्याकडे एक ठरीव रीत पडून गेली आहे. परीक्षक प्रथम स्वतःच्या बालपणाची आठवण काढतो, मग तंत्राच्या प्रगतीचे कौतुक करतो, आणि चित्रपट मराठी असेल तर निर्मात्याच्या धाडसाला मुजरा करून मोकळा होतो. मूळ चित्रात काय होते, ते पडद्यावर येताना त्यातले काय उरले आणि काय सांडले, हे विचारण्याचे त्यास कारणच पडत नाही. कोणी विचारलेच तर ‘अहो, मुलांसाठीच तर आहे!’ हे उत्तर तयार असते. हे उत्तर आम्हांस मान्य नाही. मुलांच्या खाऊतील भेसळ क्षणभरही न खपवून घेणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांनी त्यांच्या करमणुकीविषयी मात्र इतके उदार का व्हावे, याचा उलगडा आम्हांस होत नाही.

चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ साली ‘सकाळ’ पत्रात अवतरला. तीन-चार चौकटी, मोजक्या रेघा, आणि शेवटच्या चौकटीत आईबाबांची उडालेली त्रेधा, एवढाच त्याचा संसार. या चौकटींत पात्रांच्या पाठीमागे काय असते, हे वाचकांनी एकदा मुद्दाम पाहावे. एखादी भिंत, एखादे झाड, सोफ्याची एक कड. पुष्कळदा नुसता कोरा कागद. या कोऱ्या कागदाचे मोल फार थोड्यांनी ओळखले. नांदेडच्या वजिराबादेतील मुलाने ती भिंत आपल्या घराची समजावी, लातूरच्या मुलीने ते झाड आपल्या शाळेतले धरावे आणि त्यांना कोणी हटकू नये, अशी ती सोय होती. आम्ही हे गोदावरी-मांजरेच्या मुलखातून लिहीत आहो. या मुलखातील मुलास छापील मराठीत आपले गाव भेटणे किती दुर्मिळ, हे येथील पालकांस सांगावयास नको. गोष्टीतले मूल बहुधा पुण्याचे, नाही तर कोकणातले. त्याच्या दारात प्राजक्त, नाही तर समुद्र. चिंटूच्या दारात काहीच नव्हते, म्हणून त्याचे दार कोठेही उघडत असे.

२०१२ साली श्रीरंग गोडबोले यांच्या दिग्दर्शनाखाली चिंटू सदेह पडद्यावर आला. शुभंकर अत्रे हा चिंटू झाला. सुबोध भावे व विभावरी देशपांडे हे त्याचे बाबा व आई. नटांविषयी आमची तक्रार नाही; मुले मोकळेपणाने वावरली आहेत आणि मोठ्यांनी त्यांच्यावर कुरघोडी केलेली नाही, हेही मराठीत थोडे नव्हे. तक्रार आहे ती निराळी. कॅमेऱ्यास कोरा कागद ठाऊक नाही. भिंत दाखवावयाची तर ती कोणत्या तरी रंगाचीच असावी लागते, वसाहतीला फाटक लागते, फाटकात दुचाक्या लागतात, आणि त्या वसाहतीतील माणसांना एक विशिष्ट बोली येते. एवढे झाले की चिंटूला पत्ता मिळाला. आणि तो पत्ता नांदेडचा नव्हे, लातूरचाही नव्हे, हे पहिल्या दहा मिनिटांत कळून चुकते. ज्या मुलांनी त्यास आपल्या गल्लीत वाढविले, त्यांच्या हातातून तो अलगद काढून घेण्यात आला.

दुसरी गोष्ट कथानकाची. चौकटीतल्या चिंटूला शत्रू नाही. गृहपाठ, बेरीज आणि जोशीकाकू, फार तर हे त्याचे प्रतिस्पर्धी. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांशी समेट झालेला असतो. चित्रपटाने त्यास खलनायक दिला. मुलांची खेळण्याची जागा एका दांडग्या माणसाच्या खाद्यपदार्थांच्या गाडीखाली जाते आणि ती परत मिळविण्यासाठी मुलांना कंबर कसावी लागते. प्रश्न खरा आहे, शहरोशहरी आहे. परंतु तो चिंटूचा नाही. पुढच्याच वर्षी निघालेल्या दुसऱ्या भागात तर मुलांना खजिन्याच्या शोधास धाडले. चार चौकटींचा विनोद दोन तास ताणता येत नाही म्हणून हे करावे लागले, असे समर्थन आम्ही ऐकले आहे. सकाळी दूध नको म्हणण्यापासून रात्री दात घासण्याच्या कटकटीपर्यंत एकच दिवस घेतला असता तर दोन तास अपुरे पडले असते, असे आमचे मत आहे. एवढे असूनही या चित्रपटास जी स्तुती मिळाली, तिच्यातील निम्मी वर्तमानपत्रातील चौकटींना द्यावयाची होती.

रेघेने देह धारण करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. तसे म्हटल्यास मराठी चित्रपटाचा जन्मच आम्हांस अमान्य करावा लागेल. दादासाहेब फाळके चित्रपटांकडे वळण्यापूर्वी शिळाछापाच्या धंद्यात होते. भिंतीवर टांगलेले देवादिकांचे चित्र हलू लागले तर कसे दिसेल, या कुतूहलातून त्यांचा पुढला व्यवसाय उभा राहिला असे म्हणण्यास हरकत नाही. काड्यापेटीतील काड्या नाचविणारी ‘आगकाड्यांची मौज’ही त्यांचीच. त्यांच्या १९१९ सालच्या ‘कालियामर्दना’त त्यांची लहान कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. त्या चित्रपटाच्या आरंभी फाळक्यांनी केलेली एक गोष्ट आजच्या निर्मात्यांनी मुद्दाम अभ्यासावी. कथा सुरू होण्यापूर्वी ते आपल्या मुलीचा चेहरा निरनिराळ्या भावांत प्रेक्षकांस दाखवितात, आणि मग त्याच चेहऱ्यातून कृष्ण प्रकट होतो. ‘ही एक मुलगी आहे, आता तिला तुम्ही कृष्ण म्हणा,’ असा तो सरळ व्यवहार आहे. प्रेक्षकाची संमती आधी घेतली जाते, म्हणून पुढे तो आनंदाने फसतो. पैठणचे नाव ज्या चित्रांना मिळाले त्या चित्रकथ्यांचीही हीच तऱ्हा. चित्र हातात स्थिर, हालचाल सगळी सांगणाऱ्याच्या गळ्यात. सांधा लपविण्याची त्यांस कधी गरज वाटली नाही. अलीकडच्या चित्रपटांची सारी शक्ती मात्र सांधा लपविण्यात खर्च होते, आणि तो न दिसला की परीक्षक टाळ्या वाजवितात.

या बाबतीत परदेशी चित्रपटांची स्तुती तर थैलीच्या वजनावर होते. १९९४ सालच्या रेखांकित ‘लायन किंग’ची २०१९ मध्ये संगणकाने हुबेहूब खऱ्यासारख्या सिंहांची आवृत्ती काढली, आणि तिने जगभरात १६० कोटी डॉलरांहून अधिक कमाई केली. खऱ्या सिंहास भुवया उंचावता येत नाहीत. म्हणून बाप मेल्यावरही छाव्याचा चेहरा जवळजवळ कोराच राहतो. मूळ चित्रात दोन रेघांनी जे साधले होते ते केसागणिक घेतलेल्या मेहनतीला साधले नाही. याहून अधिक त्यावर लिहिण्यासारखे काही नाही.

‘जंगल बुक’ची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. किप्लिंगच्या मोगलीचे रान शिवनीचे, म्हणजे नागपूरपासून फार लांब नव्हे. १९६७ सालचा त्याचा रेखांकित चित्रपट गाण्याबजावण्याचा होता. आपल्याकडच्या पिढीला मोगली भेटला तो नव्वदीच्या दशकात दूरदर्शनवर, जपानी चित्रमालिकेतून. त्यातील शेरखानाचा हिंदी आवाज नाना पाटेकरांचा. २०१६ मध्ये जॉन फॅव्रो यांनी नील सेठी या एका जिवंत मुलाभोवती संगणकाचे अरण्य उभारले, तेव्हाही हिंदीत शेरखान नानाच झाले. त्या अरण्यातील एक पानही शिवनीचे नाही. सारे चित्रीकरण लॉस एंजेलिसमधील चित्रशाळेत झाले. तरीही या चित्रपटात असा एक प्रवेश आहे की ज्यासाठी आम्ही त्याचे पुष्कळ दोष पोटात घालू.

उन्हाळा कडक होतो, नदी आटते, पात्रातील एक खडक उघडा पडतो; आणि तो दिसला की रानातील सर्व प्राण्यांमध्ये पाण्यावरचा तह अमलात येतो. हरिण व वाघ एकाच डबक्यावर पाणी पितात. तेथे शिकार निषिद्ध. हा प्रसंग किप्लिंगच्या १८९५ सालच्या दुसऱ्या ‘जंगल बुका’तला. १९६७ च्या रेखांकित चित्रपटाने तो सोडून दिला होता. नव्या चित्रपटाने तो उचलला, आणि भारतात तो लागला ८ एप्रिल २०१६ रोजी. चारच दिवसांनी, १२ एप्रिलला, मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरास आली. दहा टाक्यांत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते. त्याआधी मार्चमध्येच पाणी भरण्याच्या जागांभोवती जिल्ह्यात जमावबंदी लावावी लागली होती. रानातल्या जनावरांना पाण्यापाशी एकत्र यावयास सांगणारा कायदा पडद्यावर, आणि माणसांना पाण्यापाशी एकत्र येऊ न देणारा हुकूम घराबाहेर, अशा महिन्यात लातूरच्या ज्या मुलाने हा प्रवेश पाहिला असेल त्यास तो कल्पित वाटला नसणार. येथे तंत्राचा डामडौल सार्थकी लागला; भेगाळलेला काठ, गढूळ डबके, एकमेकांच्या अंगास अंग न लावता पाणी पिणारे कळप, हे रेघेने इतके जड करून दाखविता आले नसते. वाघ तेथे येतो आणि तहामुळे त्यास मुलावर झडप घालता येत नाही, हा ताण एकही पंजा न उचलता निर्माण झाला आहे.

दुर्दैव असे की दिग्दर्शकाचा स्वतःच्या या शोधावर विश्वास नव्हता. पाऊस पडतो, तह मोडतो, आणि चित्रपट लगबगीने १९६७ च्या वाटेस लागतो. अस्वलाचे गाणे आले पाहिजे, माकडांच्या राजाचेही आले पाहिजे. कारण तिकीट काढणाऱ्या बापाला ते आठवत असते. आपल्याकडे प्रसिद्धीसाठी जपानी मालिकेचे जुने हिंदी शीर्षकगीतही नव्याने ध्वनिमुद्रित करण्यात आले. म्हणजे चित्रपट मुलाचा, पण विकला जातो तो बापाच्या आठवणींना. या चित्रपटाची वारेमाप स्तुती झाली; परंतु आम्ही वाचलेल्या परीक्षणांतून अस्वलाच्या केसांचे वर्णन जितके आले, त्याच्या दशांशानेही त्या खडकाचे आले नाही.

आता ‘छोटा भीम’. तो २००८ पासून दूरचित्रवाणीवर दिसू लागला. त्याचा जन्म हैदराबादचा. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि नांदेडचे रेल्वेचे वरिष्ठ कार्यालय आजही सिकंदराबादेस आहे, त्या नात्याने ढोलकपूर आम्हांस चिंटूच्या वसाहतीपेक्षा जवळचे पडावे! परंतु ढोलकपुरास कसलेच गाव नाही. राजीव चिलका यांनी आपल्याच २०१२ च्या रेखांकित दम्यानकथेचा २०२४ मध्ये जिवंत नटांचा चित्रपट केला. अनुपम खेर, मकरंद देशपांडे यांसारखी मंडळी त्यात उभी केली. लाडू खाऊन डोंगर उचलणारे चित्र हसवते, कारण चित्राला वजन नसते. तेच मांसाच्या हातांनी केले की प्रथम दिसते ती दोरी. मूळ मालिकाच फार जाडीभरडी होती, आणि तिचा पडद्यावर ऱ्हास झाला असेही म्हणवत नाही. जे नव्हते ते जाणार कोठून?

शेवटी एका अधिक चांगल्या चित्रपटाविषयी, कारण आमची खरी रुखरुख तेथे आहे. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा काही व्यंगचित्रमालेतला नायक नव्हे. पण किडकिडीत बांधा, सायकल आणि तोंडातून निघणारे ‘टॉक्’ यांमुळे तो वाचकांच्या मनात रेखाटनासारखाच ठसला. तो फुरसुंगीचा आणि शिकावयास पुण्यात. त्याचा पत्ता पहिल्यापासून ठरलेला. तो पत्ता लेखकाने उघडपणे दिला होता, म्हणून कोणास परके वाटले नाही. २०१७ साली आदित्य सरपोतदार यांनी त्यास पडद्यावर आणला. निर्मितीत लातूरच्या देशमुख घराण्यातील रितेश देशमुख यांच्या संस्थेचा हात होता. अमेय वाघ यांचा फेणे शाळकरी नाही. तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यास येतो. परीक्षेच्या वेळी ओळख झालेला एक मुलगा मरण पावतो, सारे त्यास आत्महत्या म्हणतात, फेणेला ते पटत नाही, आणि शोध घेता घेता परीक्षेतील काळा बाजार उघडकीस येतो. दिलीप प्रभावळकर यांनी प्रत्यक्ष भा. रा. उभे केले आहेत, आणि गिरीश कुलकर्णी यांचा अप्पा अंगावर येतो. चित्रपट वेगवान आहे, कंटाळवाणा नाही.

परंतु विषय कोणता हाती लागला होता, हे पाहा. वैद्यकीय प्रवेशपरीक्षा हा पुण्यापेक्षा लातूरचा आणि आता नांदेडचाही प्रपंच आहे. ‘लातूर पॅटर्न’ हे नाव साऱ्या महाराष्ट्रास पाठ आहे. दहावी झाली की खेड्यापाड्यांतून मुले या दोन शहरांत उतरतात. कोणी वसतिगृहात राहतो, कोणी मेसच्या डब्यावर, आणि कित्येकांची आई घरदार मागे ठेवून एका भाड्याच्या खोलीत दोन वर्षे मुलासाठी स्वयंपाक करीत राहते. चिंटू, मोगली, भीम यांची पुस्तके त्याच वर्षी रद्दीत जातात. हे जग आतून दाखविणारा चित्रपट काढण्याची संधी होती. बाल्य संपून स्पर्धा सुरू होते तो उंबरठा फास्टर फेणेने ओलांडावा, याहून समर्पक कल्पना सुचणे कठीण. पटकथेने परीक्षेचा उपयोग केला तो मात्र खलनायकाच्या वाड्यात शिरण्याच्या दरवाजासारखा. परीक्षागृह मागे पडते, पाठलाग सुरू होतो. आणि ज्या मुलांसाठी तो पाठलाग, ती पडद्याबाहेर राहतात. परीक्षकांनी ‘ज्वलंत विषय’ म्हणून पाठ थोपटली, ती या दरवाजाची.

त्यानंतर २०२४ मध्ये याच परीक्षेतील गैरव्यवहाराच्या आरोपांवरून लातुरात शिक्षकांना अटक झाली आणि तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. लातुरात गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. लपंडावाला, पाठलागाला आणि सायकलीला याहून सुरेख जागा कोणत्या दिग्दर्शकास हवी? पुण्याहून लातूरकडे येणारी गाडी सोलापूर रस्त्यास लागली की फुरसुंगी उजव्या हाताला जवळच राहते.