बाघची छपाई : वारसा कशात आहे?

मध्यंतरी देवास येथे एका सत्कारसमारंभात आम्हांला श्रीफळासोबत एक अंगवस्त्र मिळाले. लाल-काळ्या वेलबुट्टीच्या त्या वस्त्राला चिठ्ठी जोडलेली होती : ‘बाघच्या गुंफांतील प्राचीन कला.’ घरी येऊन वस्त्र न्याहाळले, तो सगळी बुट्टी यंत्राने काढावी तशी तंतोतंत सारखी. आणि पहिल्याच धुण्यात लाल रंग पाण्यात उतरला. यजमानांचा हेतू शुद्ध होता. त्यांचीही फसगतच झाली असावी. परंतु आम्हांला अधिक खटकली ती चिठ्ठी. कारण वस्त्र अस्सल हातछपाईचे असते, तरीही ती चिठ्ठी खोटीच ठरली असती.

धार जिल्ह्यातील बाघ या गावाजवळच्या बौद्ध गुंफांतील भित्तिचित्रे साधारणतः पाचव्या-सहाव्या शतकातील मानली जातात. १९२१ साली नंदलाल बोस, असितकुमार हळदार प्रभृती चित्रकारांनी त्यांच्या प्रतिकृती केल्या. पुढे उरलेली बहुतेक चित्रे १९८२ साली भिंतींवरून काढून ग्वाल्हेरच्या संग्रहालयात नेण्यात आली. छपाईचा इतिहास निराळा आहे. तो करणारे खत्री कारागीर सिंधमधून मारवाडमार्गे माळवा-निमाडच्या या मुलखात आले, असे त्यांची परंपरा सांगते. आणि मनावरहून ते बाघला स्थायिक झाले १९६२ साली. म्हणजे चित्रे व छपाई यांच्यात गावाचे नाव समान आहे, वंश नव्हे. अलीकडे काही आकृती गुंफांतून घेतल्या जातात, तशा ताजमहालाच्या जाळीवरूनही घेतल्या जातात. त्यात वावगे काही नाही. मात्र उसनी आकृती म्हणजे वारसा नव्हे.

मग वारसा कशात आहे? आमच्या मते तो कृतीत आहे. कोरे कापड प्रथम खारे मीठ, एरंडेल व शेळीच्या लेंड्या यांच्या मिश्रणात भिजवून पुनःपुन्हा वाळवितात; नंतर त्याला हिरड्याचे पाणी देतात. लाकडी ठशांनी जे छापावयाचे, ते दोन प्रकारचे : एक लोखंडाचे, दुसरे तुरटीचे, दोहोंना दाटपणा येतो तो चिंचोक्याच्या खळीने. लोखंड हिरड्याशी मिळून काळे होते. तुरटीचा ठसा मात्र त्या वेळी आपला खरा रंग दाखवीत नाही. कापड वाहत्या नदीत धुऊन अलिझरीन व धावडीची फुले घातलेल्या तांब्याच्या कढईत उकळले, म्हणजेच तेथे लाल रंग उमटतो. छापताना जो दिसत नाही तो रंग मनात धरून कारागीर ठसा ठेवीत जातो. ही दृष्टी बापाकडून मुलाकडे येते. ती कोणत्याही भिंतीवरून उतरवून घेता येत नाही.

येथे कोणी म्हणेल की, अलिझरीन आज कारखान्यातून येते, तेव्हा शुद्धतेचा आग्रह कशाला? आम्ही शुद्धतेचा आग्रह धरीत नाही. परंपरा नवे द्रव्य पचविते. पण हात काढून घेतला तर पचविणारेच कोणी उरत नाही.

आर्मेनियात खाचकार नावाच्या कोरीव क्रूसशिला आहेत. त्यांच्या नक्षीचे अलंकार भेटवस्तू म्हणून विकले जातात. २०१० साली युनेस्कोने त्यांस अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, ते केवळ नक्षीला नव्हे, तर त्यांच्या प्रतीकार्थाला व कोरण्याच्या कौशल्याला. हा विवेक आपल्या चिठ्ठ्यांतही यावयास हवा.

प्रश्न केवळ शब्दांचा असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. पूर्वी या छपाईचे गिऱ्हाईक म्हणजे भिल्ल-भिलाला स्त्रिया. त्यांची लुगडी, त्यांचे घागरे. स्वस्त कृत्रिम कापड आले आणि ते गिऱ्हाईक आटले. आता कारागिराची भिस्त बरीचशी आपल्यासारख्यांवर आहे, म्हणजे साडी घेणाऱ्यांवर, सत्काराला वस्त्र देणाऱ्यांवर. आश्रयदाता जर केवळ आकृती ओळखीत असेल, तर यंत्राने काढलेली आकृती त्याला पुरेशी वाटणार, आणि कढईखालचा जाळ विझणार.

दोष आमच्याकडेही आहे. आमच्या शाळेची मुले आम्ही बाघला नेली, गुंफा दाखविल्या, आणि त्या चिठ्ठीतलेच वाक्य त्यांना ऐकविले; नदीकाठी कापड धुणाऱ्यांपाशी मात्र थांबलो नाही. पुढच्या सहलीत क्रम उलटा ठेवण्याचे आम्ही ठरविले आहे. मुलांनी आधी ठसा हातात घेऊन पाहावा, दोन ठशांच्या सांध्यावर राहणारा केसभर फरक ओळखावा. तो फरक म्हणजे दोष नव्हे, कारागिराची स्वाक्षरी आहे. ज्याला ती वाचता येते, त्याला चिठ्ठीची गरज पडत नाही.