आलेखाचे टोक आणि इंजिनाचे आयुष्य

ब्रिटनमधील 'एरोमॉडेलर' या मासिकात १९५०च्या दशकात रॉन वॉरिंग यांनी केलेल्या छोट्या विमान-इंजिनांच्या चाचण्या छापून येत. अशा चाचणीत मिनिटाला किती फेऱ्यांना किती टॉर्क आणि किती अश्वशक्ती मिळते याचा आलेख असे. नुसते 'दमदार इंजिन' न म्हणता मोजून दाखवण्याची ही शिस्त आम्हाला आजही मोलाची वाटते. तरी तो आलेख वाचताना जपायला हवे.

वाचकाची नजर प्रथम टोकावर जाते. समजा, ते टोक १४,००० फेऱ्यांना आहे. पण शिकाऊ विमानाचा मोठा पंखा ९-१० हजारांवरच फिरणार असेल, तर टोकाची शक्ती कागदावरच राहते. शिवाय पंखा तोच असेल तर लागणारी शक्ती साधारणपणे फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेऱ्या १० टक्क्यांनी वाढवायला शक्ती ३३ टक्क्यांनी वाढवावी लागते! १० टक्के जास्त शक्तीचे इंजिन घेतले, तर फेऱ्या वाढतील जेमतेम ३ टक्के. एवढा फरक हवामानानेही पडतो.

टिकाऊपणाचा प्रश्न याहून अवघड. थोडा वेळ चालवलेल्या इंजिनाची बांधणी पाहून 'हे टिकेल' म्हणणे हा अंदाज झाला, मापन नव्हे. आणि मापन करायचे, तर दोन्ही इंजिनांना एकच इंधन देणे न्यायाचे होईलच असे नाही. अमेरिकेतील 'फॉक्स ३५ स्टंट' हे ग्लो-प्लगचे इंजिन १९४०च्या दशकाअखेरीस आले आणि पुढे कित्येक दशके तयार होत राहिले. त्याचा दट्ट्या लोखंडी, नळी पोलादी. मेथॅनॉलमध्ये भरपूर एरंडेल हवेच. नंतर आलेल्या, क्रोमचा मुलामा दिलेली पितळी नळी आणि ॲल्युमिनियमचा दट्ट्या असलेल्या इंजिनांना कमी तेल, तेही कृत्रिम, चालते. कमी तेलावर दोघांची स्पर्धा लावली तर फॉक्स हरेल, पण दोष इंधनाचा असेल.

शाळेत एकच इंजिन परवडत असेल तर त्याची वही ठेवावी. ठरावीक तासांनी, त्याच पंख्यावर आणि त्याच इंधनावर, टॅकोमीटरने फेऱ्या नोंदवाव्यात. इंजिन बंद करून, इंधनाची नळी व प्लगची तार सोडवून, पंखा हाताने हळू फिरवावा आणि दाब टिकतो का ते गरम व थंड अशा दोन्ही अवस्थांत पाहावे. गरम असताना दाब निसटू लागला, तर झीज सुरू झाली समजावे. आणि इंजिन मैदानाच्या मातीत ठेवून सुरू करू नये. पंख्याने उडालेली धूळ सरळ आत जाते, कारण या इंजिनांना बहुधा हवेची गाळणी नसते.