नाव आणि खालच्या ओळी

‘विहीर’ हा शब्द एकदा मोठ्या अक्षरात लिहून पाहावा. ‘वि’ची ऱ्हस्व वेलांटी डावीकडच्या दांडीतून उठते आणि उजवीकडे ‘व’वर वाकते. ‘ही’ची दीर्घ वेलांटी उजवीकडच्या दांडीतून निघते आणि डावीकडे ‘ह’वर झुकते. दोन टोकांना दोन दांड्या, मधे एकमेकींकडे झुकलेल्या दोन कमानी. अक्षरं काढणाऱ्या माणसाच्या हाताला इथे लगेच सुचतं की या कमानी जोडून टाकल्या तर रहाटाची चौकट उभी राहते, आणि उरलेला ‘र’ पाण्याला आलेल्या माणसासारखा बाजूला थांबतो. शब्दात दडलेलं चित्र शब्दाला धक्का न लावता बाहेर आलेलं असतं. छापखान्यातल्या खिळ्याला हे जमत नाही. संगणकावरच्या फाँटलाही जमत नाही, कारण तिथे प्रत्येक वेलांटी आपापल्या अक्षराशी बांधलेली असते. या एका शब्दासाठी कुणी आधीच जोड करून ठेवली असेल तरच जमायचं.

पण ‘विहीर’ नावाच्या एखाद्या नाटकाची जाहिरात एवढ्यावर पुरी होत नाही. प्रयोग कुठे, शिवाजी मंदिरला की गडकरी रंगायतनला; दुपारी की रात्री; लेखक कोण, भूमिका कुणाच्या, तिकीटविक्री कधीपासून, हे सगळं त्याच दोन रकान्यांत बसवायचं असतं. या ओळीही रहाटासारख्या गरगरू लागल्या तर प्रेक्षक थिएटरपर्यंत पोचणार नाही. तिथे हवा तो शांत, सरळ, मोजून मापून बसवलेला टाइप. वरचं नाव हाताचं आणि खालच्या ओळी खिळ्यांच्या, अशी ही कामाची वाटणी मराठी जाहिरातीत अनेक दशकं चालली. आजच्या जाहिरातीत मला सर्वांत मोठी उणीव जाणवते ती या वाटणीच्या जाणिवेची.

ही वाटणी कुणी सौंदर्यशास्त्र मांडून ठरवलेली नव्हती. ती टंचाईतून आली. देवनागरीचा टाइप आपल्याकडे उत्तम होता, पण तो पुस्तकांसाठी. जावजी दादाजींनी १८६९ साली सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याचं अक्षर पाहावं: गोलाई भरदार, जाड-बारीक रेषांचा तोल अचूक, संस्कृतची लांबलचक जोडाक्षरंही सुबक. पोथी, व्याकरण, काव्यसंग्रह यांना ते शोभून दिसतं. जाहिरातीला मात्र आवाज बदलता यावा लागतो. इंग्रजीत काम करणाऱ्याला जाहिरातीसाठी शेकडो वळणांचा टाइप मिळत असे. मराठी जुळाऱ्याच्या हाताशी काळा टाइप, पांढरा टाइप आणि दोघांचे चार लहानमोठे आकार. त्यात देवनागरीची केस म्हणजे काने, मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं यांची शेकडो घरं. एवढा सगळा संच नव्या वळणात ओतायचा म्हणजे कारखान्याला वर्षानुवर्षांचं काम आणि तेवढाच खर्च. मग मोठं नाव हवं असेल तर ते चित्रकाराकडून काढून घ्यायचं, त्याचा जस्ताचा ब्लॉक करायचा आणि बाकी मजकूर खिळ्यांनी जुळवायचा. गरजेपोटी आलेल्या या पद्धतीतून एक कला घडली.

तिचे सर्वांत मोठे कलावंत कमल शेडगे. टाइम्स समूहाच्या कला विभागात त्यांची नोकरी, आणि मराठी रंगभूमीसाठी त्यांनी काढलेली नावं इतकी की एका पिढीला नाटकं त्यांच्या अक्षरांतच आठवतात. ‘मत्स्यगंधा’, ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ ही नावं ऐकली तरी अनेकांच्या डोळ्यांपुढे आधी अक्षरं येतात, नट नंतर. २०२० साली ते गेले. त्यांच्याबद्दल बोलताना लोक साधारणपणे कल्पकतेचं कौतुक करतात: अक्षरातून विषय कसा दाखवला, काना कसा वळवला. मला त्यांची मोठी शिस्त वाटते ती वेगळीच. वर्तमानपत्राचा कागद खरबरीत, शाई पसरणारी, जागा पोस्टाच्या पाकिटाएवढी. आतली पोकळी जरा कमी ठेवली तर ‘ष’चं पोट भरून जाणार, बारीक रेषा जरा जास्त बारीक काढली तर ती छपाईत उडणार. त्यांची अक्षरं या सगळ्यातून तावून निघत. शेजारच्या बारा जाहिरातींत त्यांचं नाव वेगळं उठून दिसे, आणि तरी ते आधी वाचता येई, चित्र मागाहून उमगे. हा क्रम त्यांनी सांभाळला. त्यांचं अनुकरण करणाऱ्यांना नेमका तोच सांभाळता आला नाही. त्या अनुकरणात तलवार आधी दिसते आणि शब्द शोधावा लागतो.

त्या काळातल्या जाहिरातींतल्या खालच्या ओळी नीट पाहणारा माणूस मला क्वचितच भेटतो. माझ्याकडे जुन्या कात्रणांची एक वही आहे आणि मी ती मुद्दाम नाव झाकून वाचतो. जुळाऱ्याने नटांची नावं एका ओळीत अशी बसवलेली असतात की मधली जागा दोन्हीकडे सारखी. वार काळ्या टाइपात, तारीख पांढऱ्यात. वेळ नेमकी नजर थांबेल तिथे. वरच्या अक्षराचा फटकारा जिथे संपतो तिथे त्याने एक शिशाची पट्टी जास्त घालून मोकळा श्वास ठेवलेला असतो. हे सौंदर्य कुणाच्या सहीचं नाही. पण नाव हे गाणं असेल तर ही त्याची साथ होती, आणि साथीदार बेसूर असता तर गाणंही पडलं असतं.

दोन्ही बाजू एकाच माणसात भेटल्या त्या र. कृ. जोशींच्या रूपाने. कवी, उल्का या जाहिरात संस्थेतले कलादिग्दर्शक, सुलेखनकार, आणि आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातले शिक्षक. कागदावर बोरू चालवताना मुक्त असलेला त्यांचा हात पुढे यंत्राच्या अक्षराकडे वळला. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजबरोबर घराघरांत, कचेऱ्याकचेऱ्यांत पोचलेला ‘मंगल’ हा त्यांचाच. कमी ठिपक्यांच्या जुन्या पडद्यावर देवनागरी स्वच्छ वाचता यावी म्हणून रेखलेलं ते अक्षर. ते काम त्याने चोख केलं. पुढे तेच अक्षर वीस फुटी फलकावर, लग्नपत्रिकेवर आणि औषधाच्या खोक्यावर चढलं, त्याचा दोष अक्षराचा नाही. पडद्यासाठी मोकळी ठेवलेली पोकळी वीस फुटांवर भगदाडासारखी दिसते. लहान आकारात वाचायचं अक्षर आणि लांबून पाहायचं अक्षर यांचे हिशोब वेगळे असतात हे जोशींना पक्कं ठाऊक होतं. वापरणाऱ्यांपर्यंत ते पोचलं नाही.

नव्वदच्या दशकात डीटीपी आलं आणि जुळारी गेला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी छोट्या गावांतल्या छापखान्यांतही पोचली, आणि तिच्यासोबत देवनागरीची पुष्कळ नवी वळणं एकदम हाती आली. टंचाई संपली याचा मला आनंदच आहे. त्यानंतर फ्लेक्स आला आणि पेंटरचा ब्रश थांबला. सुतळीला खडू लावून भिंतीवर रेघ उठवणारा, एका दमात शिरोरेषा ओढणारा, इनॅमलच्या दोन रंगांत अक्षराला शेड देणारा पेंटर आता शाळेच्या भिंतीपुरता आणि ट्रकच्या पाठीपुरता उरला.

तरी ‘हाताचं अक्षर मेलं’ हा विलाप मला पटत नाही. हाताच्या अक्षराची हौस आज पूर्वीपेक्षा जास्त आहे. अच्युत पालवांसारख्या सुलेखनकाराने मोडीच्या अभ्यासातून उभी केलेली वाट आज शेकडो तरुण चालताहेत. पालवांना २०२५ साली पद्मश्री मिळाली तेव्हा तो मान या सगळ्या हौसेलाही मिळाला. मराठी चित्रपटाचं पोस्टर हाताने काढलेल्या नावाशिवाय सहसा येतच नाही. दुखणं आहे ते दुसरीकडे.

पहिलं दुखणं म्हणजे हाताचं सोंग घेणारा फाँट. दुकानाच्या फलकावर ‘आमच्या आवडत्या आजी-आजोबांना’ असं ब्रशच्या वळणात लिहिलेलं असतं आणि प्रत्येक ‘आ’च्या कान्याला तोच ओरखडा, तोच शाई सुटल्याचा भास, त्याच जागी. माणसाचा हात चार ‘आ’ कधीच तंतोतंत सारखे काढत नाही. डोळ्याला हे कळतं, मन ते शब्दांत मांडत नसलं तरी. असा फाँट नावापुरता एकदा वापरला तर निभतो. पण फ्लेक्सवर नाव, पद, शुभेच्छा, शुभेच्छुकांची यादी असं सगळंच त्यात येतं, वर पांढरी कड, काळी कड, सावली. नाव गाऊ लागलं आणि साथीदारही त्याच पट्टीत ओरडू लागले.

दुसरं दुखणं एकाच रसाचं. इतिहासाचा विषय आला की तुटक, खरखरीत ब्रश, टोकाला भाला, खाली फटकारा. मोडीतल्या डौलाचा अंश त्यात कधीमधी असतो, बहुधा नसतो. मोडी ही वेगाने लिहिण्याची लिपी. तिची मजा लेखणी न उचलता वळत जाणाऱ्या रेषेत आहे, आवेशात नाही. दहा पोस्टरं शेजारी लावली तर नावं बदलून चिकटवली तरी चालेल इतकी ती सारखी झाली आहेत. शेडग्यांच्या काळी ऐतिहासिक नाटकांची दोन नावं अशी अदलाबदल करता आली नसती.

तिसऱ्या दुखण्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं, आणि माझ्या मते ते सर्वांत खोल आहे. मोठ्या कंपनीची जाहिरात इंग्रजीत किंवा हिंदीत जन्मते आणि मराठीकडे ‘अडॅप्ट’ होऊन येते. इंग्रजी मथळ्यासाठी आखलेल्या चौकटीत मराठी ओळ कोंबली जाते. लॅटिन अक्षरांसाठी ठरवलेलं दोन ओळींतलं अंतर तसंच ठेवल्याने वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर आदळतात. त्यात अक्षर हिंदी वळणाचं. मराठी ‘ल’ आणि मराठी ‘श’ यांची घडण वेगळी आहे. वर्णमालेच्या प्रमाणीकरणात राज्य शासनानेही ती ठरवून दिली आहे. आजच्या बऱ्याच चांगल्या फाँटांत मराठी रूपं आत बसवलेली असतात, मजकुराची भाषा मराठी निवडली की ती आपोआप येतात. ती एक निवड कुणी करत नाही. एका सराफी पेढीची पानभर जाहिरात मी पाहिली. वरचं नाव कुणीतरी खरोखर जीव ओतून काढलेलं, त्यातला ‘ल’ अस्सल मराठी. खालच्या सहा ओळींतला प्रत्येक ‘ल’ हिंदी. एकाच घरात दोन वेगळ्या गावांची माणसं बोलावीत तसं ते वाटत होतं. नाव काढणाऱ्याला खालच्या ओळी दाखवल्याच गेल्या नसणार.

आणि हे घडतंय नेमकं अशा काळात, जेव्हा खालच्या ओळींसाठी देवनागरीला पूर्वी कधीच नव्हता इतका चांगला टाइप मिळतो आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचा ‘मुक्ता’ विनामूल्य आहे, सात वजनांत आहे आणि लहान आकारातही स्वच्छ राहतो. त्यांच्याच ‘अनेक’मध्ये अक्षराची जाडी आणि रुंदी हवी तशी कमीजास्त करता येते, नऊ भारतीय लिप्यांत आणि शिवाय लॅटिनमध्ये. चिमुकल्या जागेत नटांची नावं बसवणाऱ्या जुन्या जुळाऱ्याला हे मिळालं असतं तर त्याने काय केलं असतं, असा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो.

हात आणि टाइप यांची खरी भेट मला आज या टाइपकारांच्या कामातच दिसते. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचा ‘मोदक’ घ्या: अक्षर इतकं गुबगुबीत की आतल्या पोकळ्या नुसत्या केसाएवढ्या फटी होऊन राहतात, आणि तरी शब्द वाचता येतो. हे गणिताने सुटणारं कोडं नव्हे. हाताने काढून, खोडून, पुन्हा काढूनच ते सुटतं. कॅथरीन ली श्मिट यांचा ‘यात्रा वन’ मुंबईच्या लोकलवरच्या रंगवलेल्या पाट्यांतून आला. त्यात लॅटिन अक्षरांनाही देवनागरीच्या बोरूचा कल दिला आहे. एरवी देवनागरीलाच लॅटिनच्या मापाचे कपडे चढवले जातात. इथे दिशा उलटी झाली, म्हणून तो मला फार महत्त्वाचा वाटतो. आणि हनीफ कुरेशी. जाहिरात क्षेत्रातला हा माणूस गावोगावच्या पेंटरांकडून अक्षरं रंगवून घेऊन त्यांचे फाँट करत असे आणि फाँटला त्या पेंटरचंच नाव देत असे. २०२४ साली ते अकाली गेले. पेंटरची रोजी त्यातून परत आली नाही, पण भिंतीबरोबर पुसलं जाणारं त्याचं वळण टिकलं, नावानिशी टिकलं.

जाहिरात संस्थांनी मात्र या टाइपकारांना आणि अक्षर काढणाऱ्यांना एका टेबलाशी बसवलेलं नाही. नाव बाहेरून मागवलं जातं, फाइल येते, ती चौकटीत ठेवली जाते, आणि उरलेला मजकूर संगणकावर जो फाँट आधीपासून असेल त्यात ओतला जातो.

अक्षरलेखनाच्या वर्गात मी ‘विहीर’ हाच शब्द देतो. चौकट बहुतेकांना दिसते, काहींना दिसत नाही. मागे एका मुलीने ती अर्ध्या तासात काढली, अगदी सुरेख, आणि मी तिला खालच्या तीन ओळी टाइपात लावायला सांगितल्या: थिएटर, वार, वेळ. त्यावर तिची सगळी दुपार गेली. आधी वेळ फार मोठी झाली आणि नावाशी भांडू लागली. मग सगळंच एवढं बारीक झालं की नाव पोरकं दिसू लागलं. शेवटी तिने ‘मुक्ता’चं मधलं वजन घेतलं, थिएटरचं नाव बरोबर ‘वि’च्या दांडीखाली सुरू केलं आणि ‘ही’च्या दांडीखाली संपवलं. ‘र’च्या खाली तिने काहीच ठेवलं नाही. वेळ एकटी, एक ओळ सोडून खाली: दु. ४.