पकडीचे साधन आणि पकडीनंतरचे नाते : ‘पोकेमॉन’ खेळमालिकेतील विशेष बॉलची चिकित्सा

प्रस्तावना :

चित्रपट, जाहिरात आणि दूरचित्रवाणी मालिका यांच्याकडे सांस्कृतिक संहिता म्हणून पाहण्याची सवय आता आपल्या अभ्यासकांना झाली आहे. व्हिडिओ गेमच्या वाट्याला मात्र अशी दृष्टी क्वचितच येते. मुलांचा वेळ खाणारा उद्योग, एवढ्या शेऱ्यावर त्याची बोळवण होते. वस्तुतः खेळातील नियम हेही एक प्रकारचे विधान असते. खेळाडूला काय करता येते, कशाची किंमत मोजावी लागते आणि कशाचे बक्षीस मिळते, यांतून खेळ जगाविषयी काही म्हणत असतो. प्रस्तुत लेखात या दृष्टीने एका अगदी लहान वस्तूचा विचार करावयाचा आहे. ती म्हणजे ‘पोकेमॉन’ या जपानी खेळमालिकेत जीव पकडण्यासाठी वापरला जाणारा बॉल आणि विशेषतः त्याचे खास प्रकार.

आपल्याकडे पोकेमॉन पोहोचला तो मुख्यतः हिंदीत भाषांतरित झालेल्या कार्टून मालिकेतून. तिच्यात लाल-पांढरा बॉल फेकला की जीव आत जातो, एवढेच बहुतेकांना आठवते. मूळ खेळात हा प्रकार इतका सरळ नाही. तेथे बॉलचे अनेक प्रकार आहेत आणि प्रत्येकाच्या मागे एक अट आहे. या अटींचा विचार केला असता असे दिसते की, प्रत्येक विशेष बॉल पकडल्या जाणाऱ्या जीवाविषयी एक गृहीतक मांडतो. जीवाचे एखादे वैशिष्ट्य ओळखणे हाच त्याच्यावर ताबा मिळविण्याचा मार्ग ठरतो. ओळख आणि ताबा यांचे हे साटेलोटे हाच या लेखाचा विषय आहे.

ज्ञान, सापळा आणि दैव :

या मालिकेचे जनक सातोशी ताजिरी यांचा जन्म १९६५ चा. टोकियोजवळील माचिदा येथे बालपणी त्यांना कीटक गोळा करण्याचा छंद होता. १९९९ साली ‘टाइम’ नियतकालिकाला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी या छंदाविषयी एक बोलका तपशील सांगितला आहे. इतर मुले झाडाच्या सालीला मध लावून भुंगे पकडत. ताजिरी झाडाखाली दगड ठेवीत, कारण भुंगे दिवसा झोपतात आणि दगडाखाली झोपणे त्यांना आवडते हे त्यांनी हेरले होते. विशेष बॉलची सगळी कल्पना या दगडात बीजरूपाने आहे. जीवाची सवय जाणणाऱ्याला त्याच्यामागे धावावे लागत नाही.

‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हे पहिले दोन खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मात्र बॉलमधील भेद प्रामुख्याने पैशाचा होता. साधा पोके बॉल २०० ला, ग्रेट बॉल ६०० ला आणि अल्ट्रा बॉल १२०० ला. सफारी बॉल एका राखीव क्षेत्रापुरता. कधीही न चुकणारा मास्टर बॉल कथेच्या ओघात एका कंपनीच्या अध्यक्षांकडून भेट मिळतो, तोही एकच. प्रत्येक जीवाला पकडीचा एक अंक दिलेला असतो. कॅटरपी या अळीचा अंक २५५, तर म्यूटू या बलाढ्य जीवाचा अवघा ३. जीव किती घायाळ आहे, झोपलेला आहे की जागा, कोणता बॉल फेकला, यांचा हिशेब होऊन शेवटी निर्णय यदृच्छेवर सोपविला जातो. फ्रेंच विचारवंत रॉजे कायवा यांनी १९५८ सालच्या आपल्या ग्रंथात खेळांचे जे वर्गीकरण केले, त्यात कौशल्याच्या स्पर्धेला ‘अगोन’ आणि दैवाधीन खेळाला ‘आलेआ’ म्हटले आहे. बॉल फेकेपर्यंतचा भाग अगोनचा, बॉल हलू लागल्यानंतरचा आलेआचा. विशेष बॉल हा दैवाच्या प्रांतातील काही भूमी ज्ञानाने परत मिळविण्याचा प्रयत्न आहे.

हा प्रयत्न प्रथम पूर्णत्वाने दिसतो तो २१ नोव्हेंबर १९९९ रोजी जपानमध्ये आलेल्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ या खेळांत. अझालिया नावाच्या गावात कर्ट हा वृद्ध कारागीर राहतो. झाडावरची ‘ॲप्रिकॉर्न’ नावाची रंगीत फळे आणून दिली की तो त्यांपासून बॉल तयार करतो. या फळाच्या ‘बोन्गुरी’ या जपानी नावात ओकच्या फळाचा ‘दोन्गुरी’ हा शब्द ऐकू येतो. कर्ट पैसे घेत नाही. पण बॉल लगेचही देत नाही. दुसऱ्या दिवशी यावे लागते, आणि हा दिवस खेळातील नव्हे तर घड्याळातील असतो. लाल फळापासून लेव्हल बॉल होतो. खेळाडूचा जीव समोरच्यापेक्षा पातळीने चौपटीहून वरचढ असेल तर त्याचा परिणाम आठपट. निळ्या फळाचा लुअर बॉल गळाला लागलेल्या जीवासाठी, काळ्याचा हेवी बॉल वजनदारासाठी. हेवी बॉलची अट विशेष लक्षणीय आहे. अवजड जीवाच्या पकड-अंकात तो ४० पर्यंत भर घालतो, तर हलक्या जीवाच्या अंकातून २० वजा करतो. म्हणजे चुकीच्या ओळखीला येथे दंड आहे. याशिवाय पळपुट्यांसाठी फास्ट बॉल, चंद्रशिलेने रूपांतर पावणाऱ्यांसाठी मून बॉल आणि भिन्नलिंगी सजातीयासाठी लव्ह बॉल.

या शेवटच्या तीन बॉलची हकीकत समीक्षकाच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक आहे. गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये हे तिन्ही बॉल सदोष होते. मून बॉल चंद्रशिलेऐवजी भाजल्यावरच्या औषधाचा सांकेतिक अंक तपासत असे. त्या औषधाने रूपांतर पावणारा एकही जीव नसल्याने मून बॉलचा विशेष परिणाम कधीच होत नसे. फास्ट बॉल पळपुट्यांच्या यादीतील मॅग्नेमाइट, ग्राइमर आणि टँगेला या तिघांवरच चाले. लव्ह बॉलची अट तर उलटी पडली होती. तो समान लिंगाच्या जोडीवर प्रभावी ठरत असे. सर्वसामान्य खेळाडूला याचा पत्ता लागण्याचा मार्ग नव्हता. बॉल फुटला तर दैव आडवे आले, जीव सापडला तर बॉलचा गुण! खेळाच्या आज्ञावलीचे वाचन करणाऱ्यांनी हे दोष उघड केले आणि २००९ साली आलेल्या ‘हार्टगोल्ड’ व ‘सोलसिल्व्हर’ या नव्या आवृत्त्यांत ते दुरुस्त झाले.

येथे एक गंभीर मुद्दा उपस्थित होतो. जेथे निर्णय यदृच्छेने होतो आणि आकडे पडद्याआड असतात, तेथे साधनाचे ज्ञान आणि साधनावरील श्रद्धा यांत फरक करता येत नाही. बॉल हलत असताना ठराविक बटण दाबून धरले की जीव सुटत नाही, ही समजूत खेळाडूंमध्ये देशोदेशी पसरलेली आहे. तिला आधार काहीही नाही. पण कर्टचा मून बॉल वापरणारा खेळाडू आणि बटण दाबून धरणारा खेळाडू यांत, निदान त्या आवृत्तीपुरते, कोणते अंतर होते? एकाची समजूत खेळाने अधिकृतपणे सांगितलेली होती, एवढेच. ताबा मिळविण्यासाठी केलेली ओळख खरी असावीच लागते असे नाही. ती खरी मानली गेली तरी पुरते. समाजातील अन्य वर्गीकरणांबाबतही हे तपासून पाहण्याजोगे आहे, पण तो विषय वेगळा.

कारागिराकडून कारखान्याकडे :

२००२ सालच्या ‘रुबी’ आणि ‘सफायर’ या खेळांत कर्ट नाही. त्याची जागा डेव्हन कॉर्पोरेशन या कंपनीने आणि दुकानातील फळीने घेतली. जलचर व कीटकांसाठी नेट बॉल, आधी पकडलेल्या जातीसाठी रिपीट बॉल, लांबलेल्या झुंजीसाठी टायमर बॉल. दुकानात मिळणाऱ्या या खास बॉलची किंमत प्रत्येकी १०००. एकदम १० पोके बॉल घेतले तर पांढरा प्रीमियर बॉल मोफत, आणि त्याची ताकद साध्या बॉलइतकीच! व्यापारी सवलतीचे इतके प्रांजळ चित्रण मुलांच्या खेळात विरळच. पुढे २०२० साली ‘स्वोर्ड’ आणि ‘शील्ड’च्या जोडभागात ॲप्रिकॉर्नची फळे परतली, पण ती एका यंत्रात टाकावी लागतात आणि कर्टच्या घडणीचा बॉल बाहेर येण्याची शक्यता अत्यल्प असते. पकडीतील दैव अशा रीतीने निर्मितीतही शिरले. कर्टकडे प्रतीक्षा होती, अनिश्चितता नव्हती. हा फरक माझ्या मते मालिकेच्या हानीच्या बाजूला जमा होतो.

पकडीला निरुपयोगी बॉल :

काही बॉल असे आहेत की ते पकडीच्या कामी साध्या बॉलहून तसूभरही सरस नाहीत. हिरव्या फळाचा फ्रेंड बॉल, डेव्हनच्या काळातील लक्झरी बॉल आणि २००६ सालच्या ‘डायमंड’ व ‘पर्ल’मधील हील बॉल हे त्यांतले. हील बॉल पकडलेल्या जीवाच्या जखमा भरून काढतो. लक्झरी बॉलमधील जीवाचा लळा लवकर वाढतो. फ्रेंड बॉल तर गोल्ड-सिल्व्हरमध्ये स्नेहाचा अंक एकदम २०० वर नेऊन ठेवतो. या अंकाची कमाल मर्यादा २५५ आहे. पकड म्हणजे नाते नव्हे, नाते नंतर घडावे लागते, ही कबुली खेळ येथे देतो असे वाटते. परंतु ती अर्धवट कबुली आहे. ज्याला आत्ताच घायाळ करून कोंडले, त्याचा स्नेहही साधनाचाच गुणधर्म करून टाकलेला आहे. मैत्री जीवाने द्यावयाची नसून बॉलबरोबर यावयाची आहे.

जीव गोळा करण्याच्या खेळाला हाच एक मार्ग मोकळा होता असे नाही. १९८७ सालच्या ‘मेगामी टेन्सेई’मध्ये राक्षसांशी संभाषण करून, प्रसंगी देवघेव करून त्यांना आपल्या बाजूस वळवावे लागते आणि राक्षस नकार देऊ शकतो. १९९२ सालच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट ५’मध्ये पराभूत जीव स्वतः उठून सोबत येण्याची इच्छा दाखवितो. पोकेमॉनमध्ये संवादाची जागा बॉलने घेतली. जीवाचा नकार उरला तो बॉल फोडून बाहेर येण्यापुरता, आणि विशेष बॉलचे कार्यच हा नकार कमी करणे हे आहे. २०१० सालच्या ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’ या खेळांनी जीवांच्या मुक्तीचा प्रश्न कथेत आणला खरा. एन या तरुणाच्या तोंडी तो प्रामाणिकपणे येतोही. तथापि मुक्तीचा पुकारा करणारा सूत्रधार घेत्सिस ढोंगी निघतो आणि त्याच्या ढोंगाबरोबर प्रश्नही निकालात काढला जातो. ही पळवाट आहे. प्रश्न विचारणारा खोटा ठरला म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही.

अलंकार आणि वारसा :

२०१६ सालच्या ‘सन’ आणि ‘मून’ या खेळांतील बीस्ट बॉल हे विशेषीकरणाचे टोक होय. परविश्वातून आलेल्या ‘अल्ट्रा बीस्ट’ या जीवांवर त्याचा परिणाम पाचपट, इतर सर्व जीवांवर मात्र एक दशांश. येथे तर्काने तर्कालाच गाठले आहे. साधन एका कामाला इतके जुळले की अन्यत्र ते जवळपास निरुपयोगी झाले. आणि तरीही अनेक खेळाडू साध्यासुध्या जीवांसाठी मुद्दाम हाच बॉल वापरतात, कारण त्याचा निळा प्रकाश त्या जीवाच्या रंगाला शोभतो! बॉल पुन्हा पुन्हा फुटतो, ते पुन्हा फेकतात. नियमांनी सांगितलेली उपयुक्तता येथे खेळाडूंनी सरळ बाजूला सारली आहे. कोणता बॉल पकडीला सोपा, हा प्रश्न मागे पडून कोणता बॉल या जीवाला साजेल, हा प्रश्न पुढे येतो.

या सौंदर्यदृष्टीला खेळकर्त्यांनीही मान्यता दिल्याचे दिसते. २०१३ सालच्या ‘एक्स’ आणि ‘वाय’पासून अंड्यातून जन्मणाऱ्या पिल्लाला मातेचा बॉल वारशाने मिळू लागला, ‘सन’ आणि ‘मून’पासून मातापिता एकाच जातीचे असल्यास पित्याचाही मिळू शकतो. कर्टच्या हातचा एखादा लव्ह बॉल अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या चालतो आणि खेळाडू त्याच्या देवाणघेवाणीसाठी एकमेकांना शोधत असतात. ज्याला कधी पकडलेच नाही, जो कधी रानात नव्हता, त्याच्या अंगावर पकडीची खूण दागिन्यासारखी राहते. या वारशातून काही बॉल वगळलेले आहेत, उदाहरणार्थ खास समारंभप्रसंगी वाटला जाणारा चेरिश बॉल आणि कधीही न चुकणारा मास्टर बॉल. मास्टर बॉलमधील मातेचे पिल्लू २०० किमतीच्या साध्या पोके बॉलमध्येच जन्माला येते.